चौथी ओळ

१

माझं काम सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी ते सांगत नाही. इथे मात्र सांगायला हवं.

आमच्या कंपनीत एक प्रोग्राम बनतो. तो दुसऱ्या प्रोग्रामांवर नजर ठेवतो. ते कुठे अडतात, कुठे चुकतात ते दाखवतो. त्याला डीबगर म्हणतात. मी पहारेकरी म्हणते. हा पहारेकरी जागा आहे की डुलक्या काढतोय, याची चाचणी मशीनवर रोज पावणेबाराला आपोआप चालते. मशीन फक्त हिरवं किंवा लाल दाखवतं. लाल आलं की नेमकं कुठे बिनसलं ते ओळी वाचून शोधायचं आणि कागदावर उतरवायचं, एवढ्यासाठी मी. म्हणजे पहारेकऱ्यावर मशीन, मशीनवर मी, आणि माझ्यावर साहेब.

माझी खोली मजल्याच्या टोकाला आहे. एक भिंत काचेची. मशीनना गारवा लागतो, म्हणून मी बारा महिने स्वेटर घालून बसते. मशीनची घरघर सतत चालू असते. पहिल्या वर्षी ती घरीही कानात राहायची. काचेतून पलीकडची बावीस माणसं दिसतात. शिकलेली माणसं. कप जागेवर ठेवत नाहीत, प्रसाधनगृहातला दिवा बंद करत नाहीत, आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहिली तर तिच्यात चार चुका. मी बारावी. माझ्या कागदावर खाडाखोड सापडणार नाही.

साहेब मला बाई म्हणायचे. बाई म्हणण्यात वाईट काही नाही, पण त्यांच्या तोंडी तो शब्द चपलेला लागलेल्या चिखलासारखा यायचा. "बाई, गणितात पास झाला होतात की पुढच्या बाकावरच्याने पास केलं?" "बाई, तुम्हाला माशा मारायला बसवलेलं नाही. तेही धड जमलं नसतं म्हणा." दार उघडं ठेवून बोलायचे, म्हणजे बावीस जणांना ऐकू जावं. ते हसायचे. सगळ्यांत जास्त हसायचे ते, ज्यांना सकाळीच साहेबांनी झाडलेलं असायचं.

त्या सोमवारी साहेब आले आणि त्यांनी माझ्या पुढ्यात एक कागद टाकला. दिला नाही, टाकला.

"वाचता येतंय, की वाचून दाखवू?"

महिनाअखेरीपासून ओळी वाचायचं कामही मशीन करणार होतं. माणसाची गरज उरली नव्हती.

"खुर्चीसुद्धा भंगारात काढणार आहे," साहेब म्हणाले. "तिलाही तुमच्यामुळे झोपायची सवय लागलीय."

काचेपलीकडे कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब, नऊ वर्षं झाली मला," मी म्हटलं. घरी नवऱ्याची नजर गेल्यापासून सगळं माझ्या पगारावर चालतं. ते काही मी त्यांना सांगितलं नाही. या माणसाला घरचं सांगणं म्हणजे त्याच्या हातात दगड देणं.

"तेच म्हणतोय मी! नऊ वर्षं!" त्यांनी बोट घड्याळाकडे केलं. "पावणेबारा वाजून गेले, चाचणी सुरू झाली, आणि तुम्ही अजून शनिवारचा कागद घेऊन बस—"

ते थांबले.

काही आठवल्यावर माणूस थांबतो तसे नाही. तोंड उघडं, शब्द अर्धा, बोट घड्याळाकडे. डोळेही हलेनात. बंद केलेला पंखासुद्धा दोन फेरे घेऊन थांबतो. हे तसंही नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझा श्वास एकदा आत गेला आणि बाहेर आला, एवढा.

मग तोंड मिटलं. त्यांनी आपल्या उगारलेल्या बोटाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या कुणाची वस्तू खाली ठेवावी तसा तो हात हळूच खाली घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि निघून गेले. जाताना दार आपटू नये म्हणून त्यांनी ते धरून लावलं.

२

त्या दिवशी लाल आलं.

ही चाचणी कशाची, ते साहेबांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यांच्या पद्धतीने.

"बाई, कान इकडे. एक प्रोग्राम चालू आहे. अर्धं काम झालं की तो स्वतःच्या जागी दुसऱ्या प्रोग्रामला आणून बसवतो. मरत नाही. मेला तर 'संपला' अशी नोंद होते. कुठे जातही नाही. नंबर तोच, जागा तीच, हातात उघडलेल्या फायलीसुद्धा त्याच. फक्त आत दुसरा. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून पहारेकरी. शिरलं डोक्यात?"

"मग पहिला कुठे जातो, साहेब?"

"कुठे जातो म्हणजे? नसतो! विचारायच्या आधी डोकं वापरत चला. दिलंय देवाने, तर वापरा."

चाचणीत ही अदलाबदल तीनदा होते. प्रत्येक वेळी पहारेकऱ्याने ओळखून एक ओळ छापायची: अमुक नंबर, अमुक वेळ, आता नवा प्रोग्राम चालू आहे. तीन अदलाबदली, तीन ओळी. तीन आल्या तर हिरवं.

सोमवारी चार आल्या.

पहिल्या तीन ओळी रोजच्यासारख्या. चौथीत नंबरची जागा रिकामी होती. वेळ होती: सोमवार, अकरा सत्तेचाळीस.

मी कागदावर लिहिलं: अपेक्षित तीन, मिळाल्या चार. खाली सही केली. काही लक्षात येऊन मी हे लिहितेय असं समजू नका. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त तो टाकलेला कागद होता.

३

दुपारी साहेब पुन्हा आले. दारावर टकटक करून.

"ताई, आत येऊ?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्यांनी तो महिनाअखेरीचा कागद उचलला, चार तुकडे केले, आणि तुकडे खाली न टाकता खिशात घातले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुम्ही इथे हव्यात. असू दे झालं ते." आणि हसले. नऊ वर्षांत मी त्यांचे दात एवढे पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून मजल्यावर सणासारखं झालं. साहेब स्वतः कप उचलून ठेवू लागले. ज्याला सकाळी झाडायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले. कुरळ्या केसांची एक मुलगी आहे, चाचण्या तीच लिहिते. तिला साहेबांनी तीनदा रडवलं होतं. ती माझ्या खोलीत धावत आली.

"ताई, काय पाजलंत हो त्यांना?"

"मी कशाला काय पाजतेय?"

"मग डॉक्टरने काहीतरी सांगितलं असणार. मरायला टेकले की माणसं सुधारतात."

"अगं, असं बोलू नये."

"मी प्रार्थना करतेय, ताई. आजार लांबू दे म्हणून."

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यांना दिसत नाही, त्यामुळे ऐकतात मन लावून.

"अहो, साहेब मला ताई म्हणाले."

"मग?"

"मग काय? मला कसंतरीच झालं."

"नऊ वर्षं शिव्या खाऊन आता गोड पचेना होय? उद्या जा आणि सांग त्यांना, साहेब, दोन शिव्या द्या, जेवण जात नाही."

मी हसले. ते बरोबरच बोलत होते. नोकरी राहिली होती. आणखी काय हवं होतं मला?

४

मंगळवारी पुन्हा लाल. पुन्हा चार ओळी. चौथीत नंबर रिकामा, आणि वेळ मंगळवारची नव्हे. सोमवार, अकरा सत्तेचाळीस.

मी कुरळीला बोलावलं. तिने ओठ चावत पाहिलं.

"जुनं काहीतरी साठून राहिलंय. पुसते."

तिने पुसलं. मशीन बंद करून चालू केलं. बुधवारी पुन्हा तीच ओळ, तीच वेळ. बुधवारी तिने मशीनच बदललं. गुरुवारी दुसऱ्या मशीनवर, ज्याने तो सोमवार पाहिलासुद्धा नव्हता, तीच ओळ आली.

"ताई, सोडा ना," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माल ग्राहकाकडे गेला पाहिजे, आणि तुमच्या हिरव्या कागदाशिवाय जात नाही. अपेक्षित आकडा चार करून टाका. तीनाचे चार. हिरवं होतं. सगळीकडे असंच करतात."

हे मात्र साहेबांनी कधी करू दिलं नव्हतं. मागे एकाने असाच आकडा बदलला, तेव्हा साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "ताप मोजायचं यंत्र फोडलंत की ताप उतरला, असं का? जे व्हायला हवं ते मी लिहिलंय. जे होतंय ते लिहायला गाढवसुद्धा चालेल." तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. साहेब माणूस म्हणून कवडीमोलाचे होते, पण लाल असेल तर लाल म्हणायचे. वरच्या लोकांपुढेही.

त्यांनाच विचारायचं ठरवलं. पण आधी एक करून पाहिलं.

पहारेकरी ज्याच्यावर नजर ठेवतो, त्या प्रोग्राममध्ये जागोजाग थांबे लावून ठेवतो. त्या जागी प्रोग्राम आला की थबकायलाच हवा. साहेबांचे थांबे मला नऊ वर्षांत पाठ झाले होते. 'बहुतेक' हा शब्द त्यातला सर्वांत मोठा. त्यांच्यासमोर कुणी बहुतेक म्हटलं की ते जागच्या जागी उभे राहायचे, नाकपुड्या फुगायच्या, आणि पुढची दहा मिनिटं कुणाची धडगत नसायची.

"साहेब," मी म्हटलं, "चौथी ओळ बहुतेक मशीनच्या दोषामुळे येत असावी. बहुतेक."

मी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"असू दे, ताई," साहेब म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"साहेब, बहुतेक कागदही चुकलाय माझा."

"असू दे."

ते हसत होते. त्या शब्दावरून ते असे गेले, की तिथे कधी काही नव्हतंच.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. माणसं बदलतात. आजारपणाने, भीतीने, कुणाच्या तरी सांगण्याने बदलतात. एका ओळीच्या वेळेशी एका माणसाच्या अर्ध्या शब्दाची गाठ घालणारी मी कोण? बारावी पास बाई, दिवसभर गार खोलीत मशीनची घरघर ऐकणारी. माझंच डोकं तपासायला हवं. हे सगळं मी मनात नीट मांडलं, आणि ते पटलंही. फक्त ती ओळ तिथे होती.

५

गुरुवारी दुपारी साहेबांच्या पत्नी आल्या. नऊ वर्षांत त्यांनी कचेरीत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. साहेब मीटिंगमध्ये होते. त्या सरळ माझ्या खोलीत आल्या. सडपातळ बाई, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"बसा ना, वहिनी," मी म्हटलं.

बसल्या नाहीत. "तुम्हीच ना त्या? ओळी वाचणाऱ्या? घरी तुमचं नाव खूप निघायचं."

"काय म्हणायचे?"

"ते नका विचारू." त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारपासून ते मला विचारतात, तुला काय वाटतं. भाजी कुठली करू म्हटलं तरी विचारतात, तुला काय वाटतं. बारा वर्षांत मला काही वाटतं हेच त्यांना माहीत नव्हतं."

"चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे." त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. "मुलगी सहा वर्षांची आहे. आधी ते खेकसायचे तरी ही जाऊन मांडीवर बसायची. ते पेपर वाचायचे आणि ही त्यांच्या शर्टाची बटणं मोजायची. आता ते हाक मारतात, ये बाळा म्हणतात, आणि ही दारात उभी राहते. चौकट धरून. नुसती बघत राहते. मी विचारलं, काय गं, बाबांकडे का जात नाहीस? तर म्हणाली, बाबा आले की जाईन."

मशीनची घरघर त्या दिवशी फार मोठी वाटत होती.

"लहान आहे," वहिनी म्हणाल्या. "होईल सवय."

"वहिनी, सोमवारी—"

"मला सांगू नका." आवाज एकदम कोरडा झाला. "सोमवारी काय झालं ते मला नकोय. मी एवढंच विचारायला आले, की तुमच्या त्या कागदात काही असं लिहिलं जाईल का, ज्याने ते पुन्हा… पहिल्यासारखे होतील?"

"मला माहीत नाही."

"मग लिहू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी हवेत का ते परत? खरं सांगा. तुम्हाला बाई बाई करून जे बोलायचे, ते घरी येऊन मला पुन्हा बोलून दाखवायचे. नक्कल करून. मला हसावं लागायचं."

त्या गेल्या. माझ्या कानशिलांची आग होत होती. माझी नक्कल. जेवणाच्या टेबलावर.

६

शुक्रवारी साडेअकराला साहेब आपली खुर्ची स्वतः उचलून माझ्या खोलीत घेऊन आले, आणि माझ्या शेजारी बसले. कुरळी दाराशी उभी. बाहेर बावीस जण कामाचं नाटक करत आमच्याकडे बघत होते. माल गेला नाही तर मजला बंद होईल, असं वरून आलं होतं.

"निर्णय ताईंचा," साहेब म्हणाले. "ताई लाल म्हणाल्या तर लाल." आणि हसले.

पावणेबारा. चाचणी सुरू झाली. पहिली ओळ. दुसरी. मग बराच वेळ काही नाही. तिसरी. साहेबांच्या अंगाला साबणाचा वास येत होता, एवढे ते जवळ होते. मग चौथी ओळ आली, आणि ती वाचायला ते पुढे वाकले.

आणि थांबले.

या वेळी मी अगदी शेजारी होते, म्हणून मला दिसलं. चेहरा हसतच होता. ते नवं हसू ओठांवर होतं तसं राहिलं. दात दिसत होते. पण टेबलावर ठेवलेला त्यांचा हात वळला आणि त्याने टेबलाची कड धरली. इतकी घट्ट, की नखं पांढरी पडली. लोंबकळणारा माणूस धरतो तशी.

"बाई."

ओठ हलले नव्हते. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा, तसा तो आवाज त्या हसण्याच्या आतून आला. आवाज तोच. चपलेच्या चिखलासकट तोच.

"बाई, तीन. तीनच. आकड्याला हात लावाल तर याद राखा."

मी कुरळीकडे पाहिलं. ती आपल्या नखांकडे बघत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"डोळे फुटले का? समोर लिहिलंय. लाल लिहा. खाली कारण लिहा. वेळ लिहा. बाई, ऐकू येतंय का, लाल…"

आवाज अडखळला. टेबल थरथरत होतं, खरंच थरथरत होतं. माझ्या पेल्यातलं पाणी हलताना मी पाहिलं.

"प्लीज," साहेब म्हणाले.

या वेळी ओठ हलले. नवे साहेब सोमवारपासून उठता बसता प्लीज म्हणत होते. जुन्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. हा कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

टेबलावरची बोटं एकेक करून सुटली. करंगळी सगळ्यात शेवटी.

"असू दे, ताई," साहेब म्हणाले. "काय ठरवलंत?"

७

बारा वाजायला दहा मिनिटं होती.

मला वाटायचं, असा प्रसंग आला तर मी रात्रंदिवस विचार करीन, देवाला विचारीन, नवऱ्याला विचारीन. तसलं काही झालं नाही. माझ्या मनात दोनच गोष्टी आल्या. चौकट धरून उभी राहिलेली एक मुलगी, जिला मी पाहिलंही नाही. आणि जेवणाच्या टेबलावर माझा आवाज काढून बोलणारा तो माणूस.

मी भित्री आहे, असं नवरा म्हणतो. भित्रेपणाने केलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मला भीती वाटत नव्हती. माझा हात अगदी स्थिर होता. राग म्हणावा तर तोही नव्हता; राग माणसाला येतो तो बरोबरीच्या माणसाचा. मला ते केविलवाणे वाटले. एवढा मोठा साहेब, आणि कुठल्याशा अंधारात एका हाताने टेबलाची कड धरून लोंबकळतोय, आणि वाचवायचं कुणी, तर मी.

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझी गरज पडली होती. आणि तेव्हासुद्धा त्यांनी मला बाईच म्हटलं.

मी तीन खोडला. चार लिहिला. एक कळ दाबली.

हिरवं.

बाहेर टाळ्या वाजल्या. कुरळीने माझ्या गळ्यात हात टाकले. साहेबही टाळ्या वाजवत होते, दोन्ही तळवे अगदी नीट समोरासमोर आणून, लहान मूल शिकतं तसे.

८

शनिवारी अर्धा दिवस काम असतं. चाचणी मात्र होते. चार ओळी आल्या, म्हणून हिरवं आलं. हिरव्यावर वाचायचं नसतं. मी वाचलं.

चौथीत नंबर रिकामा. वेळ सोमवारची नव्हती. शनिवार, अकरा सत्तेचाळीस.

मी मान वर करून काचेतून पाहिलं. सगळे आपापल्या जागी होते. पुढच्या सोमवारी मात्र इमारतीच्या दारावरचा रखवालदार, जो कुणालाही हाड्‌ म्हटल्यासारखा बघायचा, माझ्यासाठी दार धरून उभा होता. "या, ताई," म्हणाला. दात दिसले.

जे होतंय ते मी लिहिलं होतं, आता जे लिहिलंय ते होत होतं. मंगळवारी मी आकडा पुन्हा तीन केला. लाल आलं. पाच मिनिटांत साहेब दारावर टकटक करून आले, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, तीनचा चार केला. "चुकून झालं असेल, ताई," म्हणाले. "असू दे." त्यानंतर मी हात लावलेला नाही. वर कळवावं तर काय कळवू? मजल्यावर कुणी कुणाला ओरडत नाही म्हणून? नोकरी सोडावी तर नवऱ्याची औषधं आहेत.

कुरळी गेल्या गुरुवारपर्यंत होती. सकाळी आली तेव्हा मला म्हणत होती, "ताई, सगळे एवढे गोड झालेत, मला मधुमेह होणार." दुपारी तिने माझा कप विसळून आणून दिला. तिच्या एका हाताची बोटं कपाच्या कडेवर फार घट्ट होती. मी कप घेतला, आभार मानले, आणि दुसरीकडे पाहिलं.

चौथ्या ओळीचे आज एकोणीस दिवस झाले. बावीसांत किती उरलेत ते मी मोजत नाही. दार कुणी आपटत नाही. कप जागेवर असतात. चिठ्ठ्यांत चुका नसतात. अशी स्वच्छ, शांत कचेरी मी कधी पाहिली नाही.

रोज सकाळी खुर्चीत बसले की पहिलं काम मी एकच करते. काचेतून मजल्याकडे बघते आणि एकेकाला मनात नावं ठेवते. हा बावळट. ती आळशी. तो वरच्यांची थुंकी झेलणारा. मग साहेबांकडे बघते, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे नऊ वर्षं होतं ते जागेवर आहे का, ते चाचपते. घराबाहेर पडताना आपण किल्ली चाचपतो ना, तसं. ते हाताला लागलं की बरं वाटतं. मी मीच आहे, असं म्हणते आणि कामाला लागते.

पूर्वी ते लगेच हाताला लागायचं. परवा थोडा वेळ लागला.

आज साडेअकरा झाले. मी अजून चाचपते आहे.